जर्मन सुरा, आजोबांची ठासणी आणि आकडीतला कोयता

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर चहा घेऊन बसा. शिव्या द्यायच्या असतील तरी शेवटपर्यंत वाचून द्या.

गेले काही महिने आपल्या भागातल्या पोरांच्या रील्स बघतोय. मागे तुंगारेश्वरचा डोंगर, धुकं, खाली इंग्रजी नाहीतर साऊथचं म्युझिक. एका हातात ऑनलाइन मागवलेला ‘जर्मन हंटिंग नाइफ’, शिंगाच्या मुठीचा, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी आजोबांची ठासणीची बंदूक. कॅप्शन काय, तर ‘शिकारी खून’. खाली दोनशे जणांचं ‘कडक भावा’.

आधी एक स्पष्ट करतो. सुऱ्याशी माझं वैर नाही. सातिवलीतल्या गाळ्यात माझी अर्धी हयात टूल स्टीलवर हात चालवण्यात गेली. पोलादाला पाणी कसं द्यायचं, धार कुठे मरते, कुठे टिकते, हे मला कळतं. जर्मनीतलं झोलिंगेन म्हणजे पात्यांचं गाव. तिथला चांगला शिकारी सुरा हातात घेतला की कारागिराला मनातल्या मनात नमस्कार होतो. प्यूमा ही तिथली कंपनी १७६९ पासूनची. तिचा १९५६ चा ‘व्हाइट हंटर’ अजून लोक जपून ठेवतात. वस्तू देखणी आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो ती ठासणीच्या बंदुकीबरोबर आपल्या डोंगरात मिरवण्याचा.

ही जोडी जमली कशी, हे त्या रीलवाल्यांना तरी माहीत आहे का? ठासणीची बंदूक म्हणजे एका बाराची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओता, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रा नाहीतर गोळी, गजाने ठासा, मागे टोपी बसवा, मग नेम. हात सरावलेला असला तरी दुसऱ्या बाराला अर्धा मिनिट सहज जातो. समोर जखमी रानडुक्कर असेल तर अर्धा मिनिट म्हणजे आयुष्य. म्हणून जुन्या काळी जर्मन शिकाऱ्याच्या कमरेला हातभर लांबीचं पातं असायचं, ‘हिर्शफेंगर’. जखमी जनावराला जवळ जाऊन संपवण्यासाठी. त्याचा धाकटा भाऊ ‘निकर’, चार-पाच इंची, मानेच्या मागच्या मर्मावर मारायचा आणि नंतर कातडं सोलायचा. तिसरं ‘वाइडब्लाट’. रुंद, जड, हाडं आणि फांद्या तोडायला. ते बघितलं की आपल्या कोयत्याचा लांबचा मावसभाऊ वाटतो.

मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, दुसरा बार लगेच मिळायला लागला आणि हिर्शफेंगरचं काम संपलं. तो तिकडच्या वनअधिकाऱ्यांच्या गणवेशावरचा दागिना होऊन बसला. म्हणजे सुरा आणि ठासणी ही जोडी शौर्याची नव्हती, गैरसोयीची होती. पहिला बार पुरत नव्हता म्हणून सुरा लागत होता.

आणि त्या जर्मनीत आज काय आहे? शिकारीचा परवाना हवा तर परीक्षा द्यावी लागते. बंदूक, कायदा, प्राणी, त्यांचे रोग, मांसाची स्वच्छता, सगळ्याची. बारा सेंटिमीटरपेक्षा मोठं न मिटणारं पातं रस्त्यावर सोबत बाळगायला रास्त कारण लागतं. शिकारीला निघालेला असाल तर ते रास्त, चमकायला निघालेला असाल तर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच झोलिंगेनमध्ये, शहराच्या ६५० व्या वर्षाच्या उत्सवात एकाने सुरी चालवली, तीन माणसं गेली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत तिकडे सुऱ्यांचा कायदा आणखी कडक झाला. ज्यांनी सुरा घडवला, त्यांना त्याची भीती कळते. आपल्याला फक्त कुरिअरचं ट्रॅकिंग कळतं.

आता त्या मुठीबद्दल. अभिमानाने लिहिता, ‘ओरिजिनल स्टॅग हँडल’. अरे, झोलिंगेनच्या त्या नामांकित मुठींना लागणारं शिंग बरंचसं आपल्याच सांबराचं होतं! भारतातून शिंगं तिकडे जायची. सांबराचं शिंग दरवर्षी झडतं, पण झडलेलं कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं, हे मूठ झाल्यावर कोण सांगणार? नव्वदच्या दशकात ही निर्यात बंद झाली. वन्यजीव कायद्यात शिंग हे ‘ट्रॉफी’मध्ये मोडतं. तेव्हा कुणी स्वस्तात ‘खरं सांबरशिंग’ बसवून देतो म्हणाला तर त्याला दहादा विचारा. आणि खोटं असेल तर ते प्लॅस्टिक आहे, मिरवता कशाला.

मुख्य मुद्दा कायद्याचा, आणि तो आपल्या गावाला सरळ लागतो.

या देशात हौसेची शिकार बंद आहे. वन अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिलेला अपवाद सोडला तर ससासुद्धा मारता येत नाही. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. शस्त्र म्हणजे काय, हे त्याच कायद्यात लिहिलंय. त्यात बंदूक आहे, धनुष्यबाण आहे, फासे आहेत, जाळी आहे आणि सुराही आहे. ‘माझं पातं नऊ इंचांच्या आत आहे’ हे जे कमेंटमध्ये वकिली करतात ना, ते माप शस्त्र नियमांतलं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं. अभयारण्याच्या हद्दीत ते माप कुणी विचारत नाही. आणि आत शिकार करताना सापडलात तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. रील हाच पुरावा, तोही तुम्हीच एडिट करून दिलेला.

‘आम्ही फक्त शूट करतो, मारत नाही.’ मान्य. पण त्याची किंमत कोण मोजतो ते सांगतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, वारली. कमरेला आकडी, आकडीत कोयता, तसेच वयाची साठी ओलांडली. सरपण, कुडाचे कामठे, शेताचं कुंपण, नारळ, सगळं त्या एका कोयत्यावर. मागच्या पावसाळ्याआधी एका नाकाबंदीत त्यांना तासभर बसवून ठेवलं. ‘कोयता कशाला?’ आता याला उत्तर काय द्यायचं? पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या आल्यापासून तर कोयता म्हणजे गुन्हाच झालाय. खरं तर शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येतच निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वापराची अवजारं वगळलेली आहेत. पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असला की मात्र काठीसुद्धा अडचणीची. शेवटी त्यांना सोडलं. कोयता ठेवून घेतला. नवा घ्यायला पैसे लागतात, आणि हाताला बसलेला कोयता पैशांनी मिळत नाही.

त्याच रस्त्याने बाइकच्या डिकीत जर्मन सुरा घेऊन आमची पोरं रोज जातात. त्यांना कुणी विचारत नाही. जॅकेट चांगलं असतं ना.

दुसरी किंमत शेतकऱ्याची. सातिवली म्हटलं की लोकांना गाळे, कंटेनर आणि ट्रॅफिक दिसतं. पण हायवे ओलांडून पारोळच्या बाजूला जा. डोंगराच्या पायथ्याला अजून भात आहे, भाजी आहे. आमच्या मामांचं शेत तिकडेच. दाणा भरला की रात्री रानडुकरं येतात. एका रात्रीत कळप शेत असं करून जातो की वाटावं बैल सोडले होते. खातात थोडं, लोळतात जास्त. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत आणि पैसे येईपर्यंत पुढची पेरणी आलेली असते.

यासाठीच कायद्याने ठासणीची बंदूक ठेवली आहे. हो, कायद्याने! शस्त्र कायद्याचं कलम १३ उघडून बघा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं तिथे स्पष्ट आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर दुसरी साधी बंदूकही देता येते. म्हणजे ठासणी ही शेतकऱ्याची बंदूक म्हणूनच कायद्यात आलीय. परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नाही, त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते. पण बहुतेक रात्री मारायची गरजच पडत नाही. एक बार हवेत गेला, डोंगरात घुमला, की कळप वळतो.

मग परवाने का मिळत नाहीत? वन्यजीव कायद्याचं कलम ३४. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. सातिवली, वालीव, गोखिवरे, पेल्हार, पारोळ, सगळे या दहा किलोमीटरमध्ये. डुक्कर जिथे येतं तिथेच बंदूक अवघड. नियमामागचं कारण मला पटतं, अभयारण्याच्या तोंडावर बंदुका वाटत सुटायच्या नसतात. पण संमती किती दिवसांत द्यायची किंवा नाकारायची याला मुदत नको? आमच्या मामांचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, तो कुठे बसला ते आजतागायत कळलं नाही. आता त्या टेबलावरच्या माणसाला संध्याकाळी मोबाइलवर ‘शिकारी खून’ दिसत असेल तर तो सही करेल? मी त्याच्या जागी असतो तर मीही दहादा विचार केला असता.

ज्यांच्याकडे जुने परवाने आहेत त्यांची वेगळी कथा. निवडणूक लागली की बंदूक जमा करा. आपल्या विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा. १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. म्हणजे आचारसंहिता नेमकी भात पिकायच्या नाहीतर कापायच्या दिवसांत. बंदूक पोलीस ठाण्यात, डुकरं शेतात. सिंधुदुर्गातले शेतकरी दर निवडणुकीला यावर ओरडतात, आपण मात्र गप्प. निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट सगळ्यांकडून जमा करा असं म्हणत नाहीत. छाननी समितीने प्रकरण बघायचं. जामिनावर सुटलेला आहे का, गुन्ह्यांची नोंद आहे का, आधीच्या दंगलीत नाव आहे का. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ठासणीने कुठलं बूथ कॅप्चर होणार आहे? एक बार काढून तो दुसरा ठासेपर्यंत मतदान संपेल.

काही जण म्हणतील, परंपरा. चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली ती काय फुलं टाकून? नाही, तोफा-बंदुकांनी, सुरुंगांनी आणि हजारो माणसांच्या रक्ताने. त्यातला एकही माणूस रीलसाठी मेला नव्हता. शस्त्राची परंपरा बघायची तर कर्नाटकात कोडगूला जा. तिथल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली, आणि उच्च न्यायालयातही ती टिकली. कैलपोळ्दच्या सणाला घरोघरी बंदुकीची पूजा होते. त्यांनी तो हक्क कागदावर लढून टिकवला. आपल्याकडेही दसऱ्याला कोयता, विळा, घरात असेल तर बंदूक पाटावर मांडतात, झेंडूचं फूल वाहतात. दुसऱ्या दिवशी कोयता कामाला जातो, बंदूक खुंटीला. तेवढी परंपरा मला पुरते.

ज्याला सुरा आवडतो त्याने जरूर घ्यावा. घरी ठेवा, तेल लावा. आपल्या खाऱ्या हवेत कार्बन स्टीलला आठवड्यात गंज धरतो, हे विकणारा सांगत नाही. नेमबाजीची हौस असेल तर रीतसर रेंजवर जा. पण आजोबांची ठासणी घेऊन डोंगरात जाऊ नका. आणि त्या ठासणीचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते आज रात्रीच घरी विचारा. परवानाधारक वारला असेल आणि वारसाच्या नावावर काही झालं नसेल, तर ती बंदूक घरात ठेवणं हाच गुन्हा आहे. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाने अर्ज करायचा. भंगारात विकू नका, विहिरीत टाकू नका, आणि कृपा करून इन्स्टावर टाकू नका.

आता कामाचं. आम्ही काही जण मिळून दोन अर्ज करतोय. पहिला, पीक संरक्षणाच्या अर्जावर ठरावीक मुदतीत हो की नाही ते लेखी कळवावं, आणि नाही असेल तर कारण द्यावं. दुसरा, पुढच्या निवडणुकीला शेतकऱ्यांचे परवाने छाननीशिवाय सरसकट जमा करून घेऊ नयेत. अर्जाला सातबारा, जुन्या परवान्याची प्रत आणि मागच्या दोन-तीन हंगामांतले नुकसानीचे पंचनामे किंवा फोटो जोडायचे आहेत. ज्यांचा कोयता नाकाबंदीत ठेवून घेतला त्यांनी तारीख आणि जागा लिहून द्या, पावती मिळाली की नाही तेही लिहा. त्याचा तिसरा अर्ज करू.

मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्याला हवा त्याने इनबॉक्समध्ये ‘ठासणी’ एवढंच लिहा, पाठवतो. आणि रीलवाल्या भावांनो, तुमच्यापैकी टायपिंग चांगलं असणारे दोघं-तिघं हवेत. पाड्यावरच्या बऱ्याच जणांना अर्ज लिहून द्यावा लागणार आहे.