सुनेचा अपराध आणि सूक्ष्म रेणू

मूल बुद्धीने मागे पडू लागले की आपल्याकडे दोषाची चौकशी सुरू होते आणि ती बहुधा मातेपाशी येऊन थांबते. तिने ग्रहण पाळले नाही, हे कारण सुशिक्षित घरांतही पुढे केले जाते. वस्तुतः आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेचा सर्वाधिक आढळणारा प्रकार जो ‘फ्रॅजाइल एक्स’, त्याचे मूळ १९९१ सालीच हाती लागले. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांची पुनरुक्ती २०० हून अधिक झाली की ते जनुक मुके होते. त्याचे प्रथिन बनत नाही. हे प्रथिन मेंदूतील पेशींच्या सांध्यांवर इतर प्रथिनांच्या निर्मितीला लगाम घालते, आणि या कामी त्याला साथ असते ती जेमतेम २२ अक्षरांच्या सूक्ष्म आरएनएंची. (असा पहिला रेणू १९९३ मध्ये एका क्षुद्र कृमीत सापडला, त्याच्या शोधकांना, अँब्रोस व रुव्हकुन यांना, नोबेल मिळाले ते २०२४ साली!) लगाम सुटला की प्रथिने अवाजवी बनतात आणि शिकण्याची क्रिया विस्कटते.

ग्रहणाचा येथे संबंध कोठे आला? पुनरुक्ती ५५ ते २०० असलेला पुरुष स्वतः बुद्धीने धडधाकट असतो. पण त्याच्या प्रत्येक कन्येकडे हा वारसा जातो आणि तिच्या अपत्यात तो पूर्ण विकाराचे रूप घेऊ शकतो. म्हणजे सुनेला बोल लावणाऱ्यांनी तिच्या पित्याचाही विचार करावयास हवा, आणि अपराध तर त्याचाही नाही. मूळ विकार दूर करणारे औषध अद्याप नाही. तेव्हा ‘बुद्धिवर्धक’ बाटल्यांवर पैसा उधळणे व्यर्थ होय. रक्ताच्या तपासणीने निदान मात्र होते. ती तपासणी जिल्हा रुग्णालयांतून मिळाली पाहिजे, आणि त्या सुनेच्या बहिणींना विवाहानंतर नव्हे, आधीच तिची माहिती असली पाहिजे.