चेन्नईतले फॉगलाईट

चेन्नईत धुकं पडत नाही. पडलंच तर वर्षातून एखाद्या सकाळी, आणि तेही बहुतेक भोगीला. आपल्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी असते. इथले लोक त्या पहाटे दारात जुनं सामान जाळतात. त्यात टायर आणि प्लास्टिक गेलं की धूर आणि दव एकत्र बसतं, आणि मीनंबाक्कमला विमानं उशिरा सुटतात. बाकी वर्षभर या शहरात घाम आहे, पाऊस आहे, खारा वारा आहे. धुकं नाही.

तरीही रात्री नऊनंतर सेंट थॉमस माउंटच्या बाजूला जीएसटी रोडवर पाच मिनिटं उभे राहून बघा. स्वच्छ हवा, वर खांबांचे दिवे, आणि खाली एकामागून एक गाड्यांचे फॉगलाईट पेटलेले. त्यांच्यावर हेडलाईट, तेही निळसर पांढरे, थेट डोळ्यात घुसणारे. याला मी हौस म्हणत नाही. ही दुसऱ्याच्या डोळ्यांवर केलेली दादागिरी आहे, आणि तिच्यात आपले फौजी मागे नाहीत, म्हणून हे लिहितोय.

माउंट रोडला लागून जनरल पॅटर्स रोड आहे. गाडीच्या सामानाची चेन्नईतली मोठी बाजारपेठ. जुनं सामान हवं असेल तर पुदुपेट. पोस्टिंगवर आलेला जवान जुनी गाडी घेतो आणि सुट्टीला त्याच गाडीनं गावी जायचं ठरवतो. चेन्नई ते सातारा म्हणजे हजार किलोमीटरच्या वर, त्यात एक रात्र रस्त्यावर. मग कुणीतरी सांगतं, कंपनीचे दिवे काही कामाचे नाहीत, बदलून घे. दुकानदार बल्ब लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘पगल मादिरी इरुक्कुम, सार.’ दिवसासारखं होईल, साहेब. होतंही. पण दिवस तुमच्यापुरता, समोरच्याला ठार अंधार.

असं का होतं, ते समजून घ्या. आपल्याकडच्या किती तरी गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो रस्त्यावर खाली उतरतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे. तार नेमकी कुठं असावी, हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेलं असतं आणि दिव्याची घडण त्याच जागेसाठी केलेली असते.

आता त्या होल्डरमध्ये स्वस्तातला एलईडी किंवा एचआयडी बल्ब बसवा. एलईडीचे तुकडे पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात, एचआयडीत तारच नसते. उजेड भलत्या जागेवरून निघतो, परावर्तकाला तो कळत नाही आणि तो सगळीकडे फेकून देतो. झाडावर, पाटीवर, समोरच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर. गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख होतात आणि आपल्याला वाटतं, काय उजेड आहे! पण जवळचं फार उजळलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं कमी दिसतं. पैसे देऊन लांबची नजर विकली, असाच तो सौदा.

दुसरा प्रकार जास्त वॅटचा. ५५ ऐवजी १०० वॅटचा हॅलोजन. १२ व्होल्टवर ५५ वॅटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, १०० वॅटला आठच्या वर. वायर तीच, होल्डर तोच, स्विच तोच. माझी अर्धी नोकरी एमटीत गेली आहे. वितळलेले होल्डर, काळी पडलेली टर्मिनल आणि आतून करपलेले परावर्तक मी हातात घेऊन पाहिलेत. चेन्नईच्या खाऱ्या हवेत टर्मिनल आधीच गंजतात, तिथं हा जादा करंट म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरा प्रकार ‘केल्विन’चा. दुकानात सहा हजार, आठ हजार असे आकडे फेकतात, जणू ते इंजिनाचे हॉर्सपॉवर आहेत. केल्विन उजेडाचा रंग सांगतो, जोर नाही. साधा हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास पिवळसर असतो. आकडा वाढला की उजेड निळा होत जातो. हॅलोजनच्या काचेला निळा लेप दिलेले बल्ब तर त्याच लेपात थोडा उजेड गिळतात. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी उजेड.

फॉगलाईटबद्दलही एक गैरसमज आहे, की पिवळा उजेड धुकं भेदतो. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते पिवळा आणि पांढरा सारखाच उधळतात. फॉगलाईट उपयोगी पडतो तो रंगामुळे नाही, जागेमुळे. तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरून कापलेला असतो. जुलैत आंबोलीच्या घाटात तो रस्त्याची कड दाखवतो. त्यातच जोरदार बल्ब घातला आणि झोत वर गेला, तर समोर पांढरी भिंत उभी राहते. चेन्नईत भिंतही नाही आणि घाटही नाही. इथं ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो, आणि खाली बसवलेला तोच फॉगलाईट त्या आरशातून समोरच्याच्या डोळ्यात जातो.

समोरच्याचं काय होतं, त्याचं गणित सोपं आहे. डोळे दिपले की नजर पुन्हा बसायला काही सेकंद लागतात, वय झालेल्याला किंवा मोतीबिंदू असलेल्याला आणखी जास्त. तीनच सेकंद धरू. ताशी ८० किलोमीटरनं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे ६६ मीटर तो माणूस आंधळा चाललाय. त्या ६६ मीटरमध्ये ईसीआरवर पहाटे मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई असू शकते, सायकलवर कामावरून परतणारा वॉचमन असू शकतो. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गळिताच्या हंगामात उसानं भरलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली असते. तिला धडकून गेलेला माणूस प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. बातमीत ट्रॉलीचा दोष लिहितात, आणि तो असतोच. पण समोरून डोळे दिपवून निघून गेलेल्या गाडीचा नंबर कुणी लिहीत नाही. ती थांबलेलीच नसते.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, कंपनीचे दिवे खरंच कमजोर असतात. काही गाड्यांत असतात, मान्य. पण नवा बल्ब घेण्याआधी जुन्याला पूर्ण वीज मिळते का, ते बघा. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. गंजलेलं अर्थिंग, बारीक वायर, जुना स्विच यांत एवढं सहज जातं. चांगला रिले आणि जाड वायर लावा, अर्थिंग घासून घ्या, आणि बल्ब मात्र ६०/५५ चाच, चांगल्या कंपनीचा ठेवा. दिव्याची प्लॅस्टिकची काच उन्हानं पिवळी झाली असेल तर पॉलिश करून घ्या. पुढची काच आतूनसुद्धा पुसा. निम्म्या लोकांची तक्रार इथंच संपेल असं माझं एमटीतलं मत आहे.

दुसरं उत्तर, समोरचा अप्पर मारतो, मग मी का सोडू? हे उत्तर मला फौजी माणसाकडून ऐकवत नाही. त्यानं शंभर वॅट लावला, तुम्ही दीडशे लावला, दोघंही आंधळे आणि दोघंही एकमेकांकडे ताशी ८० नं येताय. यात जिंकतो कोण?

आता आपल्याबद्दल. रात्री कुठल्याही युनिटच्या गेटवर गाडी नेली की आपण काय करतो? हेडलाईट बंद, आतला दिवा चालू, मग हळू पुढं. शिकवावं लागत नाही, हात आपोआप जातो. का? कारण संत्रीला दिसलं पाहिजे. ब्लॅकआउट ड्रायव्हिंग आठवा. पुढच्या गाडीच्या डिफरन्शियलला पांढरा रंग, त्यावर पडणारा एक लहानसा दिवा, आणि त्या पांढऱ्या गोळ्याच्या मागे सगळा कॉन्व्हॉय. १९७१ च्या युद्धात तर मुंबईतल्या साध्या नागरिकांनीही गाड्यांच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवला होता. उजेड कुठं पडावा याची शिस्त आपल्या नोकरीत पहिल्या दिवसापासून शिकवतात. तोच माणूस गेटबाहेर पडला की फॉगलाईट, अप्पर आणि छतावरची एलईडी पट्टी एकदम पेटवतो. संत्रीच्या हातात रायफल असते म्हणून त्याच्या डोळ्यांची किंमत, आणि सायकलवाल्याच्या हातात डबा असतो म्हणून त्याच्या डोळ्यांची नाही? या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येईल, त्यानं खुशाल लावावेत.

कायदा नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०६ आहे. ८ मीटरवरच्या, १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली असला पाहिजे, असं तो सांगतो. गाडीत परवानगी नसलेले बदल केले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण तपासतो कोण? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. धुरासाठी पीयूसी वेळोवेळी काढावी लागते, दिव्याचा झोत मात्र पंधरा वर्षांत कुणी बघत नाही. पीयूसीच्या केंद्रावर एक भिंत आणि तिच्यावर दोन रेघा मारल्या तरी हे काम होईल. नवं तंत्रज्ञान नको असंही मी म्हणत नाही. जर्मनीत २०२० मध्ये ऑसरामच्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण ठराविक गाड्यांच्या ठराविक दिव्यांपुरतीच, चाचणी करून. बसला होल्डरमध्ये म्हणून चालला, असं नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. युनिटच्या गेटवर आपण हेल्मेट बघतो, पास बघतो, कागद बघतो. तिथंच खासगी गाड्यांचे दिवेही बघायला काय हरकत आहे? सीओसाहेबांच्या एका हुकमाचं काम आहे.

आणि तोवर प्रत्येकानं एवढं करावं. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, डिप्पर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. सुट्टीला निघताना डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चाक फिरवून झोत खाली घ्या. ते चाक त्यासाठीच दिलेलं असतं. आणि फॉगलाईटचं बटण बंद ठेवा. भोगीच्या पहाटे लागलं तर लावा.