ज्याची खावी पोळी... : वस्तूंचे परीक्षण आणि आठवी आज्ञा

रविवारच्या मिस्सानंतर एका युवतीने आम्हांस एक प्रश्न विचारला. एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने तिला चेहऱ्यास लावावयाच्या क्रीमची डबी भेट म्हणून पाठविली होती. ती वापरावी, मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत तयार करावी आणि ती इन्स्टाग्रामवर टाकावी, एवढीच अपेक्षा होती. मात्र चित्रफीत तीन दिवसांत हवी होती, आणि 'महिनाभराच्या वापराने चेहरा उजळला' असे तिने म्हणावे, असेही सुचविण्यात आले होते. "फादर, मी कुणाकडून पैसे तर घेतलेले नाहीत. सगळेच असे करतात. यात पाप ते काय?" असे तिने विचारले.

तिला हा प्रश्न पडला, याचाच अर्थ तिची सदसद्विवेकबुद्धी जागी होती. तिच्या संमतीने आणि तिचे नाव न घेता तो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण तो तिच्या एकटीचा नाही.

पूर्वी मिक्सर घ्यावयाचा तर आपण शेजारच्या काकींना विचारत असू, डॉक्टर निवडावयाचा तर नातेवाइकांना. काकींना मिक्सर खपवून काही मिळावयाचे नव्हते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. आज ती जागा मोबाइलवरील ताऱ्यांनी, अभिप्रायांनी आणि चित्रफितींनी घेतली आहे. हॉटेल, औषध, शाळा, लग्नाचा हॉल, इतकेच काय पण दातांचा दवाखानाही आपण अनोळखी माणसांच्या शब्दांवर विसंबून निवडतो. या शब्दांना बाजारात मोठी किंमत आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अभ्यासक मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास केला. 'येल्प' या संकेतस्थळावर एका ताऱ्याची वाढ झाली तर उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. ज्या गोष्टीला एवढी किंमत येते तिची बनावटही होतेच. नाणे खरे असते म्हणूनच कोणी खोटे नाणे पाडतो.

कायदा काय सांगतो?

या बनावटीला आळा घालण्यासाठी जगभर कायदे होत आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेला नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. त्यानुसार खोटे अभिप्राय लिहून घेणे, विकत घेणे वा विकणे यांस बंदी आहे. ते माणसाने लिहिलेले असोत की कृत्रिम बुद्धिमत्तेने.

आपला देशही या बाबतीत मागे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल हे प्राधिकरण उत्पादकाला, तसेच त्या वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही, १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. तोच अपराध पुन्हा घडल्यास दंड ५० लाखांपर्यंत जातो. शिफारस करणाऱ्यास एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा अपराध केल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची शिफारस करण्यास मनाई होऊ शकते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांचे ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याविषयी 'आयएस १९०००' हे मानक जाहीर केले. प्रारंभी ते ऐच्छिक ठेवण्यात आले. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची शिफारस करणारे नामवंत आणि समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्ती या उत्पादकाइतक्याच जबाबदार असतात.

आमच्या युवतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे ती केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका. तीनुसार केवळ पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सहली, हॉटेलातील मुक्काम, बक्षिसे, एवढेच नव्हे तर कंपनीशी असलेले कौटुंबिक वा नोकरीचे नातेही उघड करावे लागते. 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असा शब्द ठळकपणे, शिफारशीच्याच भाषेत यावा लागतो. चित्रफीत असेल तर तो दिसावाही लागतो आणि ऐकूही यावा लागतो. आणि जी वस्तू स्वतः वापरली वा अनुभवली आहे तिचीच शिफारस करावी, अशी अपेक्षा आहे. 'पैसे घेतले नाहीत' हे तिचे उत्तर कायद्यापुढे टिकणारे नाही. फुकट डबी हाही मोबदलाच आहे.

परीक्षण म्हणजे साक्ष

कायदा दंडापाशी थांबतो. श्रद्धावंताला त्याच्या पुढे जावे लागते.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा आपण बालपणीच पाठ केली. 'साक्ष' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालयाचा पिंजरा उभा राहतो, आणि तेथे आपण कधीच उभे राहिलो नसल्यामुळे ही आज्ञा आपण मोडलेली नाही, अशी आपली समजूत होते. पण साक्ष म्हणजे तरी काय? जे मी पाहिले, अनुभवले ते जो तेथे नव्हता त्याला सांगणे, आणि त्याने माझ्या शब्दावर विसंबून निर्णय घेणे. परीक्षण म्हणजे नेमके हेच. तीन दिवस वापरलेल्या क्रीमविषयी 'महिनाभर वापरली' असे म्हणणे ही जाहिरातबाजीतील अतिशयोक्ती नव्हे, ती खोटी साक्ष आहे. तिच्यावर विश्वास ठेवून आपल्या पगारातून ती डबी विकत घेणारी दुसरी मुलगी हीच येथे 'शेजारी' आहे.

जुन्या करारातील संदेष्टा आमोस याने माप लहान करणाऱ्या आणि तराजूत लबाडी करणाऱ्या व्यापाऱ्यांवर परमेश्वराचा कोप उच्चारला. आमच्या वसईच्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. टोपलीत वरचा थर टवटवीत वांग्यांचा आणि खाली किडकी वांगी, असे करणारा माणूस बाजारात एकदाच फसवू शकतो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक त्याची टोपली उपडी करून पाहते. मोबाइलवरील टोपली मात्र उपडी करून पाहता येत नाही. म्हणून तेथे शब्दाची जबाबदारी अधिक आहे.

ख्रिस्तसभेने या विषयावर पूर्वीच चिंतन केले आहे. सामाजिक संपर्कमाध्यमांसाठी असलेल्या परमधर्मपीठाच्या मंडळाने १९९७ साली जाहिरातींच्या नीतिमत्तेविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. सत्यनिष्ठा, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे त्यात सांगितली आहेत. मे २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने समाजमाध्यमांवर काढलेल्या दस्तऐवजात तर प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती ही आपल्या परीने लहानशी प्रभाव टाकणारी व्यक्ती आहे, मग तिचे अनुयायी कितीही असोत, असे प्रतिपादन आहे. म्हणजे 'माझे ऐकतात ते दोनशेच लोक' ही सबब चालणार नाही.

आमचाही दोष

युवावर्गाला उपदेश करण्यापूर्वी आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेस गेलो होतो. ठरावीक संख्येने यात्रेकरू जमविले तर धर्मगुरूचा प्रवास फुकट, अशी पद्धत होती आणि तिचा लाभ आम्ही घेतला. परतल्यावर आम्ही एक दीर्घ लेख लिहिला. गालील सरोवराचे वर्णन केले, कंपनीच्या व्यवस्थेची मनमोकळी स्तुती केली. मात्र आमचे तिकीट फुकट होते, हे लिहिले नाही. मुक्कामाचे हॉटेल शहरापासून दूर होते आणि वयोवृद्ध यात्रेकरूंचे रोज चालून चालून हाल झाले, हेही लिहिले नाही.

पुढील वर्षी तो लेख वाचून आमच्याच धर्मग्रामातील काही कुटुंबे त्याच कंपनीबरोबर गेली. परत आल्यावर गुडघ्यांनी अधू असलेल्या एका आजीने आम्हांस एवढेच विचारले, "फादर, तुम्ही गेला होता तेव्हा इतके चालावे लागले नव्हते का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही एकही खोटे वाक्य लिहिले नव्हते. तरीही आमची साक्ष खोटी होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. टाळी वाजविणाऱ्या हाताला पोळीची चव लागलेली असते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते, आणि पाप तेथेच दडून बसते.

खऱ्या साक्षीची किंमत

खोट्या स्तुतीला मोबदला मिळतो, खऱ्या टीकेला पुष्कळदा नोटीस. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटामधील साखरेच्या प्रमाणावर टीका करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. दावे अशास्त्रीय असून तथ्यांचा विपर्यास करणारे आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने कायदेशीर नोटीस पाठविली. तरुणाने माफी मागून चित्रफीत काढून टाकली. पण चर्चा थांबली नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्याच महिन्यात कंपनीकडे विचारणा केली. २०२३ सालच्या अखेरीस कंपनीने त्या पेयातील वरून घातलेली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी केल्याचे वृत्त आले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना हे व यासारखी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्याची सूचना केली. त्या चित्रफितीतील प्रत्येक शब्दाशी सहमत असण्याचे कारण नाही. परंतु डब्यामागील बारीक अक्षरे वाचून दाखविणारा एक माणूस लाखो आईवडिलांच्या उपयोगी पडू शकतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

याची दुसरी बाजूही आहे. टीका करणाऱ्यासही सत्याचे बंधन असते. आमच्या गावांत अनेक कुटुंबे बेकरी, केटरिंग, लहान रिसॉर्ट असे व्यवसाय करतात. शेजाऱ्याच्या धंद्यावर निनावी एक तारा देऊन 'जेवणात झुरळ होते' असे लिहिणे ही चावट गंमत नव्हे. ती निंदा आहे, आणि तिच्यामुळे एखाद्याची चूल विझू शकते.

याच बाजारातून फसवणुकीचे एक जाळेही पसरले आहे. 'घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या, प्रत्येकी पन्नास रुपये मिळवा' असा निरोप व्हॉट्सॲपवर वा टेलिग्रामवर येतो. सुरुवातीला थोडे पैसे खरोखरच खात्यात येतात. मग मोठ्या कामासाठी आधी रक्कम भरण्यास सांगितले जाते आणि आयुष्यभराची पुंजी बुडते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून अशा शंभराहून अधिक संकेतस्थळांवर डिसेंबर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली. फसलेल्यांविषयी आम्हांस कळवळा वाटतो. तरीही एक विचार मनात येतो. न पाहिलेल्या हॉटेलाला पाच तारे देण्यात आपणास काहीच वावगे वाटले नाही, म्हणून तर त्या जाळ्यात पहिले पाऊल पडले. लहान असत्याची सवय झालेल्या मनास मोठे असत्य ओळखता येत नाही.

मग करावे काय?

प्रथम, जे वापरले नाही त्याविषयी बोलू नये. दुसरे, फुकट मिळाले असेल तर ते आरंभीच सांगावे; सांगण्याची लाज वाटत असेल तर घेऊच नये. तिसरे, दुकानदाराने 'पाच तारे द्या, सूट देतो' म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. नोकरीच्या ठिकाणी साहेबांनी घरच्यांच्या नावे अभिप्राय लिहावयास सांगितले तर नकार देणे कठीण असते, हे आम्ही जाणतो. तेथे एकट्याने न झगडता सहकाऱ्यांनी मिळून बोलावे. दिशाभूल झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि खोटे लिहून झाले असेल तर? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही जे शिकलो ते आजही लागू आहे. सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मिळाली, तरी झालेल्या हानीची भरपाई करण्याचे कर्तव्य उरतेच. म्हणजे पापनिवेदन करून घरी जाणे पुरेसे नाही; तो अभिप्राय काढून टाकला पाहिजे, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला असेल तर जेथे तो लिहिला तेथेच दुरुस्ती केली पाहिजे. आमच्या त्या यात्रेच्या लेखाची दुरुस्ती आम्ही कधी केली नव्हती. आज, या लेखाद्वारे, उशिरा का होईना, ती करीत आहोत. त्या आजी आज आपल्यात नाहीत.

त्या युवतीस आम्ही इतकेच सांगितले : होय असेल तर होय म्हण, नाही असेल तर नाही. प्रभू येशूने आपल्या शिष्यांकडून याहून अधिक मागितले नाही, आणि याहून कमीही नाही. दोन आठवड्यांनी ती पुन्हा भेटली. तिने कंपनीला कळविले होते, की महिनाभर वापरून जे वाटेल तेच सांगेन आणि डबी फुकट मिळाली हेही सांगेन. कंपनीकडून पुढे काही उत्तर आले नाही. डबी तिने परत पाठविली. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते आम्ही स्वतः पाहिले आहे. ही आमची साक्ष. आणि तिच्यासाठी आम्हांस कोणी काही दिलेले नाही.