धुळीतली रेघ

आमच्या धंतोलीत हल्ली लग्नपत्रिकांवर दोन त्रिकोणांच्या अंगाची, काटकुळ्या हातापायांची माणसे फेर धरून नाचताना दिसतात. ती मूळची कोणाच्या घरची, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) बालपणीच मातेस अंतरले आणि त्या धक्क्याने बोलेनासेच झाले. सांगावयाचे ते धुळीत रेघा ओढून सांगत. अशा मुलास कोणीही वेडगळच म्हणावे! त्यात वारल्यांची रीत अशी की, लग्नघरी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहावा तो सुवासिनींनी. या पुरुषाने ती बांबूची काडी आणि तांदळाचे पीठ हाती घेतले, तेही लग्नकार्यावाचून, नित्य. मासे धरण्याचे जाळे, भातशेती, तारप्याचा नाच, जे डोळ्यांस दिसे ते सारे चित्रांत आले. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनी त्यांस हेरले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री.

वाचकांस नवल वाटावे असा भाग पुढेच आहे. रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंतही काही कमी विलक्षण नव्हे. १९६७ साली एका कुरणात एकाच वाटेने पुनःपुन्हा चालून गवतात रेघ उमटविली आणि तिचे छायाचित्र हीच आपली कलाकृती म्हणून मांडली. हे गृहस्थ २००३ साली जिव्यांच्या मुलखात आले. त्यांनी त्रिकोणी माणसे काढली नाहीत. त्याच भूमीवर आपल्या रीतीने रेघा आणि वर्तुळे रेखिली. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचे एकत्र प्रदर्शन झाले. प्रेरणा घेणे म्हणतात ते हे. पत्रिकेवरील आकृत्या म्हणजे निव्वळ उचल होय.

विष्णुधर्मोत्तरात मार्कंडेय वज्रराजास सांगतात की, नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणे कठीण. तारप्याभोवती फिरणारी जिव्यांची ती माणसांची साखळी पाहावी, म्हणजे या वचनाचा अर्थ भाष्यावाचून उलगडतो.

जिव्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच. पण ज्या सुवासिनींच्या चौकातून हे सारे निघाले, त्यांतील किती जणींची नावे आपणांस ठाऊक आहेत?