सॉक्रेटिसचा वारस

इ. स. १८१३ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजसत्तेचे दिवाळे निघाले. नेपोलियनकालीन युद्धांच्या धामधुमीत भरमसाठ छापलेल्या नोटांचे मोल मातीला मिळाले आणि कोपनहेगनमधील कित्येक सधन घराणी बुडाली. लोकरी कापडाचा व्यापारी मिखाएल किर्केगार्ड मात्र तरला. त्याने आपला पैसा ज्या सरकारी रोख्यांत गुंतवला होता, त्यांना अवमूल्यनाची झळ बसली नाही. त्याच वर्षी ५ मे रोजी त्याच्या घरी सोरेन हे सातवे अपत्य जन्मले. ज्या वर्षी इतक्या वाईट नोटा चलनात आल्या, त्याच वर्षी आपणही आलो, अशी थट्टा हा मुलगा पुढे स्वतःवरच करी. अस्तित्ववादाचा जनक म्हणून जग ज्याला ओळखते, तो हाच सोरेन किर्केगार्ड.

अस्तित्ववाद म्हटले की दुसऱ्या महायुद्धानंतरचे पॅरिस आणि ज्यां-पॉल सार्त्र आठवतात. किर्केगार्डने मात्र आपला गुरू शोधला तो थेट प्राचीन अथेन्समध्ये. १८४१ साली त्याने विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध सॉक्रेटिसच्या उपरोधावर होता. प्रबंध लॅटिनमध्ये लिहिण्याचा दंडक असता, तो मातृभाषेत लिहिता यावा म्हणून त्याने राजाची अनुज्ञा मिळवली होती.

सॉक्रेटिस हा पाथरवटाचा मुलगा, आई सुईण. त्याने एक ओळही लिहून ठेवली नाही. भर बाजारपेठेत तो माणसांना गाठी आणि सेनापतीला शौर्य म्हणजे काय, धर्मनिष्ठाला धर्माचरण म्हणजे काय, असे विचारी. आपणही आईसारखे सुईणीचेच काम करतो, असे तो म्हणत असल्याचे प्लेटोने नोंदवले आहे. सत्य हा बांधून दिलेला माल नव्हे. ज्याचे त्यानेच ते प्रसवावे लागते. अस्तित्ववादाचे बीज नेमके येथे आहे.

या प्रश्नांची किंमत त्याने इ. स. पूर्व ३९९ मध्ये चुकती केली. वय सत्तर. तरुणांना बिघडवणे आणि नगरदेवतांना न मानणे, हे आरोप. अवघी तीस मते फिरली असती तर तो सुटता. दोषी ठरल्यावर पर्यायी शिक्षा सुचवण्याची मुभा आरोपीला असे. सॉक्रेटिसने आधी सुचवले की, नगराने आपल्याला सरकारी खर्चाने भोजन द्यावे! मग म्हणाला, ऐपत एक मिना दंडाची आहे. शेवटी प्लेटो, क्रिटो आदी मित्र जामीन राहिले आणि दंडाची रक्कम तीस मिनांवर गेली. ही तडजोडही न्यायसभेला रुचली नाही. गप्प राहण्याच्या बोलीवर सुटका मिळाली तरी ती नको, हे त्याने आधीच बजावले होते.

किर्केगार्डला भावला तो हा माणूस. त्याच्या काळी हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता. त्या भव्य रचनेत साऱ्या इतिहासाची संगती लागे, पण उद्या सकाळी उठून निर्णय घ्यावा लागणाऱ्या एकट्या माणसाला तेथे जागा नव्हती. असा विचारवंत राजवाडा उभारतो आणि स्वतः मात्र शेजारच्या झोपडीत राहतो, असे किर्केगार्डने म्हटले आहे. हा टोला थोडा अन्यायाचा असेल, पण वर्मी बसणारा आहे.

ग्रीकांचा हा वारसा सरळ मात्र नाही. वस्तूचे सारतत्त्व आधी आणि वस्तू नंतर, ही दृष्टी सॉक्रेटिसच्याच शिष्याने, प्लेटोने, रुजवली. १९४५ च्या व्याख्यानात सार्त्रने तीच उलटी केली. कागद कापण्याची सुरी घडवणाऱ्या कारागिराच्या मनात तिचा उपयोग आधीच ठरलेला असतो. माणसाचे तसे नाही, तो आधी असतो आणि मग आपल्या कृतींनी घडतो, असे त्याचे प्रतिपादन. सार्त्र निरीश्वरवादी, किर्केगार्ड श्रद्धाळू. निवड टाळता येत नाही, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत.

१८५५ मध्ये किर्केगार्डने डेन्मार्कच्या राजमान्य चर्चविरुद्ध स्वतःचे पत्रक काढले. आपल्या कार्याला उपमा एका सॉक्रेटिसचीच, असे त्याने लिहिले. सॉक्रेटिस स्वतःला ज्ञानी म्हणवत नसे. किर्केगार्ड स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नव्हता. नऊ अंक निघाले. हा मजकूर असलेला दहावा अंक लिहून तयार होता, तोच ऑक्टोबरमध्ये तो रस्त्यात कोसळला आणि ११ नोव्हेंबर रोजी बेचाळिसाव्या वर्षी निवर्तला. १८१३ च्या दिवाळखोरीतून वडिलांनी वाचवलेली संपत्ती तोवर जवळजवळ संपली होती.