पाठीवरचे बिऱ्हाड आणि डोंगरावरची रेंज

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी वर्गात निदान वीस वेळा समजावून सांगितली असेल. पण तिचा खरा अर्थ मला गेल्या नाताळच्या सुट्टीत जव्हारच्या रस्त्यावर कळला. विंचू सुखी असतो, कारण त्याला त्या बिऱ्हाडातून संध्याकाळी पाचच्या आत प्रश्नपत्रिका पाठवायची नसते.

या सदराचे वाचक आमच्या वसईच्या घरातील मंडळींना आता ओळखू लागले आहेत. तेव्हा एवढेच सांगते की चाकांवरच्या घरातून हिंडण्याची कल्पना ह्यांच्या डोक्यात शिरली ती त्यांच्या बहिणीमुळे. वन्सं टेक्सासात असतात. तिकडे त्या आणि त्यांचे यजमान मोटारघर घेऊन महिना महिना भटकतात. गाडीच्या टपावर एक थाळी असते आणि ती थेट उपग्रहाशी बोलते. स्टारलिंकने २०२२ साली अशा फिरत्या घरांसाठी खास सेवाच काढली. "तुमच्यासाठी पाठवू का एक थाळी?" असे वन्संनी फोनवर विचारले, तेव्हा पुतण्याने त्यांना मध्येच थांबवले. आपल्याकडे असले यंत्र परवानगीवाचून वापरणे हा गुन्हा आहे. खिशात सॅटेलाइट फोन घालून आलेले कितीतरी परदेशी पाहुणे आपल्या विमानतळांवर अडकून पडले आहेत. थाळी टेक्सासातच राहिली.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले, हे मला ह्यांनीच सांगितले. धोरण वाचून माणूस एवढा हुरळतो, हे मी प्रथमच पाहिले. चार दिवसांसाठी चालकासकट एक कारवाँ ठरली. आत चौघांना झोपायची सोय, ओटा, सिंक आणि एक न्हाणीघर. त्याच्या दाराची रुंदी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वीत लावून मोजली आणि मगच त्या यायला तयार झाल्या. जाहिरातीत ‘वायफायसह’ असेही लिहिले होते. ते वायफाय म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक डबी होती आणि तिच्यात एकाच कंपनीचे सिमकार्ड होते.

आमचा पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती डबी पाहून तो हसला. म्हणाला, "काकू, हे घोडबंदरपर्यंत ठीक. मनोर सोडलं की बघा." त्याने निघण्याआधीच आमच्या दोघांच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे आहेत याची खात्री केली. त्याचे म्हणणे असे, की टॉवर कुणाचा कुठे आहे याला काही नेम नसतो. एका कंपनीचा आवाज जिथे बसतो तिथे दुसरीचा खणखणीत निघतो. शिवाय त्याने मला लहरींचे शास्त्र शिकवले. शहरात जी फाइव्ह-जी आपण मिरवतो तिच्या बऱ्याचशा लहरी उंच वारंवारितेच्या. त्या वेगवान, पण भिंत आली की दमतात. कमी वारंवारितेच्या लहरी सावकाश, पण लांब पल्ल्याच्या. डोंगरात फोनला ‘फोर-जीवरच राहा’ असे बजावून ठेवावे, म्हणजे तो उगाच फाइव्ह-जी शोधत बॅटरी जाळीत बसत नाही. सर्वांत मोठा शत्रू मात्र आमचे फिरते घरच. चहूबाजूंनी पत्रा, त्यातून लहरी आत येता येता अर्धमेल्या होतात. म्हणून डबी कपाटात न ठेवता समोरच्या काचेला चिकटवायची. ज्यांना नेहमी हिंडायचे आहे ते टपावर अँटेना बसवून तिची वायर आत घेतात.

आता प्रश्नपत्रिकेविषयी सांगायला हवे. उन्हाळी परीक्षेची एक प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे होते. माझे गुरुजी असल्या प्रश्नपत्रिका हाताने लिहीत, पाकिटावर लाखेची मोहोर उठवीत आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करीत. घरात काकूंनासुद्धा त्या खोलीत जायची बंदी असे. आता ती संगणकावर लिहून संकेतस्थळावर चढवायची असते. मुदत होती सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत. निघण्यापूर्वी ती पाठवून मोकळे व्हावे, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण वसईतला नाताळ! शेजारच्या घरांतून फराळाची ताटे येत होती, आमची जात होती. एक प्रश्न मनासारखा उतरला नव्हता. म्हटले, गाडीत वायफाय आहेच.

मनोरला आम्ही अहमदाबादचा महामार्ग सोडला. विक्रमगडपर्यंत डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पुढे चढण लागली, साग आणि ऐनाची झाडे दाटली आणि दिवा तांबडा झाला. वसईपासून जव्हार शंभरेक किलोमीटर. आम्ही दोघीही पालघर जिल्ह्याच्याच, मी आणि ती डबी, पण दीड हजार फूट उंचीवर गेल्यावर तिने ओळख सोडली. अडीच वाजले होते.

जव्हारच्या अलीकडे एका उपाहारगृहापाशी चहाला थांबलो. मी लॅपटॉप उघडते तो समोर त्याच उपाहारगृहाच्या नावाचे वायफाय दिसले, परवलीच्या शब्दावाचून, मोफत! मला गहिवरून आले. मी जोडणी केली, संकेतस्थळाचे पान आले, नाव घातले आणि पासवर्डाचे पहिले अक्षर टाइप करणार, तोच पुतण्याने लॅपटॉप सरळ मिटला. काकूच्या हातातला लॅपटॉप मिटणे ही आमच्या घरात लहान गोष्ट नव्हे. "आधी त्यांना विचारा," तो म्हणाला.

गल्ल्यावरचा मुलगा प्रामाणिकपणे चकित झाला. "वायफाय? आमच्याकडे नाही बाई. आमचंच बिल फोनवरनं करतो."

मग ते कुणाचे होते? वरच्या मजल्यावरच्या एखाद्या पोराचा खेळ असेल, किंवा मालकाने पूर्वी घेऊन विसरलेले जुने यंत्र असेल. काहीही असेल. पण वायफायला नाव कुणीही कुणाचेही देऊ शकतो, हे मला त्या दिवशी पटले. आपला फोन भोळा. एकदा जोडलेले नाव पुन्हा दिसले की आपण होऊन जाऊन बिलगतो. पुतण्याने परतताना मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वाचकांना मुद्दाम सांगते. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले म्हणजे आपले बोलणे वाटेत कुणी ऐकत नाही एवढेच समजायचे. पलीकडे बोलणारा माणूस सज्जन आहे, असे ते कुलूप सांगत नाही. चोरानेही आपल्या दाराला चांगले कुलूप लावलेले असू शकते. व्हीपीएन नावाचा झाकलेला बोगदा वापरला तर उपाहारगृहावर विश्वास ठेवावा लागत नाही, पण मग तो बोगदा चालवणाऱ्यावर ठेवावा लागतो. पैशांचे आणि परीक्षेचे काम आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटवर करावे, त्याला लांबलचक परवलीचा शब्द लावावा, हा त्यातल्या त्यात निर्धास्त मार्ग. शेकडो मुलांचे वर्ष माझ्या त्या पहिल्या अक्षरावर टांगलेले होते, या विचाराने माझा चहा गार झाला.

"हनुमान पॉइंटला जावा," गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला. "तिथं येते रेंज."

चार वाजता आम्ही तिथे पोहोचलो. खाली दरी, पलीकडे डोंगरामागे डोंगर आणि जयविलास राजवाडा झाडीतून डोके काढून उभा. पण मी पाहत होते फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा. ह्यांच्या कार्डावर एकही नाही, पुतण्याच्या फोनवर तीन! त्याच्या हॉटस्पॉटवरून माझी प्रश्नपत्रिका निघाली. फाइलला कुलूप घातलेले होते. किल्ली मी संबंधितांना फोन करून तोंडी सांगितली. चार वाजून बावीस मिनिटांनी पोच आली. सासूबाईंनी पिशवीतून वसईची सुकेळी काढली.

कठड्यावर आमच्याआधीपासून एक बाई बसली होती. विशीतली असेल. हातातला फोन ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे धरून पाहत होती. आमची गडबड संपल्यावर ती पुढे आली. "ताई, तुमचं नेट मला देता का जरा? तिसरा दिस हाय माजा."

सरकारी योजनेची ई-केवायसी करायची होती. फोन नणंदेचा. तिच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून ती सहा किलोमीटर चालून यायची. पुतण्याने लगेच हॉटस्पॉट दिला. पान उघडले, आधारचा आकडा भरला आणि पान म्हणाले, ओटीपी पाठवला आहे. कुठे? तिच्या नवऱ्याच्या फोनवर. आणि नवरा वीटभट्टीवर, आमच्याच वसईत, कामणला! दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी माणसे आमच्याकडच्या भट्ट्यांवर उतरतात. मी त्या रस्त्याने वर्षानुवर्षे जाते-येते.

मी माझ्या फोनवरून त्याला फोन लावला. म्हटले, "अहो, तुमच्या फोनवर आता एक सहा आकडी नंबर आला असेल, तो सांगता का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ठाम आवाज आला, "ओटीपी कुनाला सांगत नसतो मी. मुकादमानं सांगितलंय. एकोणीसशे तीसवर तक्रार करीन."

पुतण्या हसता हसता कठड्याला टेकला. तासापूर्वी मला जे कळले नव्हते, ते त्या भल्या माणसाला भट्टीवर ठाऊक होते. मी फोन तिच्या हाती दिला. तिचा आवाज ऐकल्यावर तो विरघळला, आकडे सांगू लागला, चौथ्या आकड्यावर फोन तुटला. पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. या खेपेला सहाही आकडे आले आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

ती फोन परत देईना. एका हाताने पदर तोंडाशी धरून ती हळू आवाजात बोलत होती. मुलीला खोकला आहे, कोंबडी विकली, आईंचा गुडघा. आम्ही जरा लांब जाऊन उभे राहिलो. चालक दोनदा भोंगा वाजवून गप्प बसला. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तिने फोन पदराला पुसून मला दिला आणि सासूबाईंनी पुढे केलेल्या सुकेळ्यांतली दोन मुलीसाठी बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. कामणहून तोच आवाज, आता अगदी अदबीचा. "ताई, कालच्या बाईला जरा द्या ना फोन. पोरीचा खोकला कसा हाय विचारायचंय."

आम्ही तोवर मोखाडा सोडून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो होतो.