पुस्तक दिलं की झालं?

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या महिला मंडळाच्या वाचनालयात एक ओळखीच्या बाई आल्या. त्यांच्या जावेचा तरुण मुलगा नुकताच गेला होता. म्हणाल्या, "तिला देण्यासारखं काहीतरी द्या हो. दुःखातून बाहेर काढणारं." तशा पुस्तकांचा आमच्याकडे एक कप्पाच आहे. मनःशांती, सावरणं, नव्यानं उभं राहणं वगैरे. बरीचशी अनुवादित, कुणी ना कुणी भेट दिलेली आणि बहुतेक सगळी कोरी करकरीत! मी कप्प्यापाशी गेले आणि तशीच परत फिरले. म्हटलं, "पुस्तकाचं नंतर बघू. आधी चार दिवस त्यांच्याकडे नुसत्या जाऊन बसा." बाईंना ते काही आवडलं नाही. वाचनालय चालवणारीच पुस्तक नको म्हणते म्हणजे काय! त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

२०२२ च्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ गेला. रात्री जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. घरात वहिनी, आई आणि नववीतला भाचा. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर मी वहिनीच्या हातात एक पुस्तक ठेवलं. दुःखावर मात कशी करायची ते पायरी-पायरीनं सांगणारं, चांगलं तीनशे रुपयांचं. वर म्हटलंसुद्धा, "वाच हं, बरं वाटेल." आणि एसटीत बसून माझ्या घरी आले. खरं सांगू का, मैत्रिणींनो? त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. वहिनीच्या शेजारी बसायचं, तर बोलायचं काय, हा प्रश्न त्या पुस्तकानं सोडवला होता.

दोन महिन्यांनी गेले तेव्हा ते पुस्तक फडताळात बँकेच्या कागदांखाली, पिशवीतसुद्धा तसंच होतं. वहिनी ओशाळली. म्हणाली, "ताई, पहिलं पान चार वेळा वाचलं. उलटेपर्यंत काय वाचलं ते राहतच नाही. आणि त्यात लिहिलंय, स्वतःसाठी वेळ काढा. अहो, मला वेळच वेळ आहे. संपत नाही."

यात त्या लेखकाचा दोष नाही. तो ज्या गावात राहतो तिथं माणूस गेलं की घर रिकामं होत असेल. आपल्याकडे ते आधी भरतं. वहिनीला पहिले पंधरा दिवस रडायलासुद्धा एकटीला जागा नव्हती आणि नंतर अचानक कुणीच नाही. 'नवा छंद लावून घ्या, एकट्यानं फिरून या' हे छापायला ठीक आहे. आमच्या गल्लीत वहिनी रेशन आणायला गेली तरी तिच्या अंगावर कुठली साडी आहे ते चार खिडक्यांतून पाहिलं गेलं. नवरा जातो तेव्हा एक माणूस तर जातंच, पण त्याच्याबरोबर हळदीकुंकवाचं बोलावणं जातं, ओटी भरायचा हात जातो, घरातलं बसायचं ठिकाणसुद्धा बदलतं. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि पुढे शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्या ठरावाचं कात्रण मी आमच्या मंडळाच्या फळ्यावर लावलं होतं. आमच्याच घरी मात्र वहिनीच्या बांगड्या निघाल्या तेव्हा मी तिथंच उभी होते, आणि गप्प होते.

या पुस्तकांत बहुधा दुःखाच्या पाच पायऱ्या असतातच. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. मूळ कल्पना एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंची, १९६९ सालच्या त्यांच्या पुस्तकातली. पण त्या बोलल्या होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी! मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्या नंतर लावल्या गेल्या. माणसं काही जिना चढल्यासारखी एकेक पायरी ओलांडत नाहीत, हे आता अभ्यासकही सांगतात. तरी त्या पुस्तकाचा मला एक उपयोग झाला, तो नाकारत नाही. भाचा आल्यागेल्यावर खेकसायचा, ताट ढकलून उठायचा. सगळे म्हणत, पोरगं वाया चाललं. तो राग दुःखाचाच आहे हे मला त्या पुस्तकातून कळलं, आणि मी त्याला उपदेश करायची थांबले. म्हणजे पुस्तक होतं माझ्यासाठी, दिलं मात्र वहिनीला.

सी. एस. लुईस हे नाव बी.ए.ला असताना फक्त ऐकलं होतं. त्यांचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' अलीकडे शब्दकोश शेजारी घेऊन वाचलं. १९६० साली त्यांची बायको कॅन्सरनं गेली. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांमध्ये त्यांनी मनातलं लिहून काढलं आणि पुढल्या वर्षी टोपणनावानं छापलं. मग काय झालं म्हणतात, तर ओळखीच्यांनी तेच पुस्तक त्यांना सुचवलं, 'वाचा, तुम्हाला आधार वाटेल' म्हणून! मला आधी हसू आलं आणि मग माझंच तोंड आठवलं. त्यात ते लिहितात की भेटणाऱ्या माणसांना आपली अडचण होते, बोलावं की न बोलावं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. एवढ्या मोठ्या विद्वानाचीही तीच गत.

आपल्याकडेही अशी पुस्तकं आहेत, फक्त ती त्या कप्प्यात नसतात. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं १९१० साली. टिळक १९१९ मध्ये गेले (रेव्हरंड ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हेत), आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली, 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती १९३३ मध्ये. बोटांवर मोजा. नऊ वर्षं, पंधरा वर्षं, सोळा वर्षं! आणि आम्ही वर्षश्राद्ध झालं की विचारतो, "अजून सावरली नाही का?"

'स्मृतिचित्रे' मी वहिनीला दिलं नाही. नेलं, आणि वाचून दाखवलं. गुरुवारी दुपारी मंडळाचं काम नसतं, तेव्हा एसटीनं जायचं. ती तांदूळ निवडायची, मी वाचायची. वाचणारीनं वाचावं, ऐकणारीचं लक्ष लागलं तर लागलं, नाही तर तांदूळ आहेतच. लक्ष्मीबाईंनी थोडं का सोसलंय? मुलं गेली. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला आणि काही वर्षं जिवंत नवऱ्याशी ताटातूट झाली. पण सांगताना बाई अशी सांगते की आपण हसत सुटतो.

तसंच झालं. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकीगत चालली होती आणि वहिनी हसली. चांगली खळखळून. दुसऱ्या क्षणी तिनं तोंडावर पदर धरला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत माझी आई पडलेली होती. मलाही धस्स झालं. मुलगा जाऊन चार महिने झाले नाहीत आणि सून हसतेय. आता आई काय म्हणेल?

आई आतून म्हणाली, "मोठ्यानं वाच गं. मला इथं ऐकू येत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार महिन्यांत आईला कुणी काहीच दिलं नव्हतं. जो आला तो वहिनीशी बोलला. पोटचा पोर गेलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईला सगळे एवढंच म्हणाले, "आता सुनेकडे बघून दिवस काढा." मीही त्यातलीच. आई तिची पोथी वाचते, तिला तेवढं पुरे, असं मी धरून चालले होते. पुढल्या गुरुवारी तिची सतरंजी बाहेर आली. ती मधेच थांबवायची आणि दादाच्या लहानपणचं काहीतरी सांगायची, जे वहिनीला ठाऊक नसायचं. मग वहिनी तिला ठाऊक नसलेलं सांगायची. कधी कधी पुस्तक तासभर पालथं पडून असायचं.

'स्मृतिचित्रे' संपलं तेव्हा रमाबाईंच्या 'आठवणी' काढल्या. शेवटाकडे न्यायमूर्तींचं अखेरचं आजारपण येतं. तिथं आई म्हणाली, "आज पुरे." पुढच्या गुरुवारीही म्हणाली, पुरे. मी आग्रह केला नाही. पुस्तक मिटून पिशवीत टाकायला लागले, तर वहिनीनं हात पुढे केला. "राहू दे इथं. मी वाचीन." आणि ती ते घेऊन आत गेली.

ते पुस्तक वाचनालयाचं आहे आणि अजून परत आलेलं नाही. नोंदवही माझ्याच ताब्यात असल्यानं दंडाचं कुणी विचारत नाही.